कुंकवाची कललेली रेघ

लाकडी रथ उतरत्या फळीवरून सुटला, खाली फरशीवर आला, हातभर सरळ धावला आणि कुणीही हात न लावता डावीकडे वळून तुळशीच्या कुंडीला टेकला. दुसऱ्या खेपेस त्याच फळीवरून, त्याच जागेवरून सुटून तो उजवीकडे वळला आणि नारळापाशी थांबला. आमच्या सोसायटीच्या वाहनतळात त्या रविवारी सकाळी दीडशे माणसे उभी होती. त्यांत दोन अभियंते होते, एक निवृत्त बँक अधिकारी होते, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक गृहस्थही होते. सर्वांनी हात जोडले.

"यंत्र नाही, सेल नाही, रिमोट नाही," रथनाथ महाराज म्हणाले. "उलटा करून बघा. औदुंबराचं लाकूड आहे. सात अमावास्या धुनीवर धरलेलं. विज्ञान जिथं दमतं, तिथून आमचा रथ निघतो."

पदार्थविज्ञानाच्या गृहस्थांनी रथ उलटा करून पाहिला. यंत्र नव्हते. त्यांनी तो कपाळाला लावून परत दिला.

गंगापूर रोडवरील ही सोसायटी जिथे उभी आहे, तिथे पूर्वी आमची द्राक्षबाग होती. त्यामुळे म्हणा, किंवा माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांमुळे म्हणा, येथे सर्वजण मला 'मोठ्या आई' म्हणतात आणि कार्यक्रम कोणताही असो, माझी खुर्ची पुढे मांडली जाते. त्या दिवशी ती फळीच्या वरच्या टोकाशी, उजव्या अंगाला मांडली होती. रथाचे उजवे पुढचे चाक माझ्यापासून दोन हातांवर होते.

महाराजांना बोलावण्याचे कारण हसण्यासारखे नव्हते. पंधरा दिवसांत आमच्या तीन मुलांना कावीळ झाली होती. आमच्या शेजारच्या पूजाचा सात वर्षांचा बंटी तर चार दिवसांपासून अतिदक्षता विभागात होता. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण तडकले आहे आणि शेजारीच गटाराचे चेंबर आहे, हे मी दोन सभांमध्ये सांगितले होते. आमचे चेअरमन मनोजराव "बघू, मोठ्या आई" म्हणाले होते. टाकी बघायला कुणी आले नाही. महाराज मात्र आले. आदल्या दिवशी ते मनोजरावांकडेच जेवले. कुणावर कुणाचा संशय आहे, हे पुरणपोळीबरोबर त्यांच्या पानात वाढले गेले असणार.

पूजेचा भाग झाला. महाराजांनी चाके आधी स्वतः पुसून घेतली, मग चार सुवासिनींनी रथाच्या चारही चाकांच्या मधोमध, आसाच्या पितळी टोपीवर, कुंकवाची एकेक उभी रेघ ओढली. मी विधवा, तेव्हा मला तो मान नव्हता. मला बघण्याचे काम उरले, आणि दिवाळीत मोतीबिंदू काढल्यापासून मला फार स्वच्छ दिसते.

"आता बायकांनी खाली अर्धगोल करून उभं राहावं," महाराज म्हणाले. "कामवाल्यासुद्धा. दोष कुणाच्या पायात आहे ते रथ सांगेल."

लंकाबाई डाव्या टोकाला उभी राहिली. ही सुरगाण्याकडची बाई. नऊ वर्षांपासून पाच घरी भांडी घासते, पंपाशेजारच्या खोलीत राहते. तिची मुलगी आशा यंदा दहावीला आहे. लंकाबाईने पदर घट्ट ओढून घेतला होता. आपल्याला येथे का उभे केले आहे, हे तिला आधीच कळले असावे.

महाराजांनी वाटीतले तेल करंगळीवर घेतले. त्या करंगळीचे नख बोटभर वाढवलेले होते. व्रत आहे, असे त्यांनी सांगितले होते. एकेका चाकाला तेल लावत ते उजव्या पुढच्या चाकाशी आले, तेथे मंत्र जरा लांबला, आणि रथ सुटला.

तो डावीकडे वळला. लंकाबाईच्या अनवाणी पायाला येऊन टेकला.

मग मागून एक पुरुष म्हणाला, "मी म्हटलंच होतं. ती कसली तरी पाळंमुळं आणते गावाकडून."

"ती भाजी असते ओ," लंकाबाई म्हणाली. "रानभाजी. तुमच्याच घरी नाय का दिली?"

"म्हणजे आमच्या घरीही दिलीस."

"एकदा चूक होईल," महाराज शांतपणे म्हणाले. "रथ अन्याय करत नाही. बाई, उजव्या टोकाला जा."

ती गेली. पुन्हा तेल, पुन्हा मंत्र. रथ या खेपेस उजवीकडे वळला आणि लंकाबाईच्या पायाशी थांबला.

त्यानंतर जे झाले ते मी नीट सांगू शकेन की नाही, ठाऊक नाही. अर्धगोल मोडला आणि लंकाबाईभोवती पूर्ण गोल झाला. पूजाने, जी मुंगीसुद्धा चिमटीत धरून बाहेर सोडते त्या पूजाने, लंकाबाईचे केस मुठीत धरले. "माझ्या बंटीला सोड," ती म्हणत होती. ओरडत नव्हती, विनवत होती, आणि केस ओढत होती. कुणीतरी आशाला दंडाला धरून बाजूला केले. "खोली आत्ता रिकामी करा," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "रिकामी करून काय होतं? उद्या शेजारच्या बिल्डिंगला जाईल. हिला कबूल करायला लावा." पार्किंगच्या कोपऱ्यात पाण्याचा रबरी पाइप होता. तो कुणीतरी उचलला.

मी घाबरले. स्पष्टच लिहिते, कारण या वयात खोटा ताठा परवडत नाही. सत्तर वर्षांपूर्वी माझ्या आत्याला गावाने असेच गोलात घेतले होते. तेव्हा कौल लावला होता तांदळाच्या दाण्यांनी. मी आठ वर्षांची होते, रांजणाआड उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. आत्या त्या दिवशी गेली ती परत आली नाही. आता रांजण नव्हता, खुर्ची होती. समोरची माणसे मला परकी नव्हती. त्यांच्या बारशांना मी गेले होते.

नजर कुठेतरी ठेवावी म्हणून मी ती रथावर ठेवली. महाराजांबरोबर आलेल्या शिष्याने तो उचलून पुन्हा फळीवर आणून ठेवला होता. मागच्या चाकावरची कुंकवाची रेघ उभी होती. पुढच्या चाकावरची मात्र कलली होती.

चाक फिरले म्हणून रेघ फिरली, असे म्हणता येत नव्हते. रेघ चाकावर नव्हती, आसाच्या टोपीवर होती. चाक फिरते, आस जागचा हलत नाही. मग हा एकटाच आस कसा हलला?

हे मला कसे ठाऊक, तर माझी नात तेजल शाळेच्या उतारगाडी स्पर्धेसाठी वीतभर लाकडी गाडी करत होती, आणि तीन आठवडे आमचे जेवणाचे टेबल तिच्या ताब्यात होते. मी रागावायला म्हणून बसले आणि बघत राहिले. इंजिन नसलेली गाडी उतारावर सरळ धावावी यासाठी ती पोर पुढचा खिळा, म्हणजे आस, मुद्दाम किंचित वाकवत असे आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेत पेचकस घालून केसभर फिरवत असे. बाक वर-खाली असला की गाडी सरळ जाई. खिळा एका बाजूला फिरवला की गाडी डावीकडे जाई, दुसऱ्या बाजूला फिरवला की उजवीकडे. "आजी, हेच तिचं सुकाणू," ती म्हणाली होती. "दुसरं पुढचं चाक जमिनीला टेकवायचंच नाही. म्हणजे गाडी एकाचंच ऐकते."

मी रथाकडे पाहिले. डावे पुढचे चाक फळीपासून कागदभर वर होते. कुंकवाखाली टोपीवर खाच होती. आणि बोटभर वाढवलेल्या नखाचे व्रत काय होते, ते मला उमगले.

"थांबा," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. मी काठी फरशीवर आपटली आणि पुन्हा म्हणाले, "पूजा, केस सोड तिचे. पाइप खाली ठेवा. मला एकदा रथ बघायचा आहे."

"आई, तुम्ही घरी चला," माझा मुलगा समाधान कानाशी म्हणाला. "लोक चिडलेत."

"म्हणूनच थांबते आहे. तू माझ्या मागे उभा राहा, पुढे येऊ नकोस."

महाराज हसले. "आजीबाईंना शंका आहे. असू द्या. पण रथाची परीक्षा घेणाऱ्याच्या घरी काय होतं, ते विचारून घ्या."

"काय होतं ते बघू. लंकाबाई, तू आहेस तिथेच उजव्या टोकाला राहा. रथ पुन्हा सोडायचा आहे. मात्र तेल तुम्ही घालायचे नाही. तेल पूजा घालेल."

"माझ्या हाताशिवाय रथ आंधळा असतो."

"पूजाचे मूल दवाखान्यात आहे. तिच्याहून शुद्ध मन तुम्हाला या आवारात कुणाचे सापडणार आहे?"

बायकांच्या माना हलल्या. महाराज पुढे झाले, "निदान मंत्र तरी घालू द्या" म्हणत करंगळी चाकाकडे नेऊ लागले. मी काठी आडवी धरली. "मंत्र लांबूनही लागतो."

आता रेघ उजवीकडे कललेली होती. पूजाने तेल घातले असते, तर रथ उजवीकडेच, पुन्हा लंकाबाईकडेच गेला असता. हे आत्ता ध्यानात आले. केवढी चूक करत होते मी.

"नाही," मी म्हणाले. "लंकाबाई, तू डावीकडे ये. तुझ्या जागी मी उभी राहते."

काठी टेकत मी फळीच्या कडेने खालच्या टोकाशी गेले. लंकाबाई जवळून जाताना कुजबुजली, "मोठ्या आई, नका ओ. तुमच्यावर येईल."

"येऊ दे," मी म्हणाले.

पूजाने चारही चाकांना तेल लावले आणि रथ सोडला. तो सरळ आला, वळला, आणि अगदी नम्रपणे माझ्या पायाशी येऊन थांबला.

दीडशे माणसांनी माझ्याकडे पाहिले. ज्यांच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, त्यांच्या डोळ्यांत मला आत्याभोवतीच्या माणसांचे डोळे दिसले. एका बाईने आपले मूल पदराआड घेतले. माझ्यापासून.

"बघितलंत?" महाराज म्हणाले. "आसरा देणारीही सापडली."

"तेजल," मी हाक मारली, "पेचकस आण."

"आणलाय, आजी." ती केव्हाच फळीशी येऊन बसली होती. तिनेही रेघ पाहिली होती.

मी रथ उचलून तिला दिला. तिने पेचकस टोपीच्या खाचेत घातला, जरासा फिरवला, आणि कुंकवाची रेघ सर्वांसमोर डावीकडे कलली. "डावीकडे जाईल," ती म्हणाली. रथ डावीकडे गेला. तिने रेघ उभी केली. "सरळ जाईल." रथ सरळ गेला. मग तिने महाराज कुठे उभे आहेत ते पाहिले, डोळा बारीक करून रेघ लावली आणि काही न बोलता रथ सोडला. तो महाराजांच्या खडावांवर आपटला. ते दोन पावले मागे सरकले. पाठीमागून कुणीतरी हसले, आणि तो गोल कुठूनतरी उसवला.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण मनोजराव घाम पुसत पुढे आले आणि म्हणाले, "मोठ्या आई, मग तेजलच्या हातात गुण आहे तर. तिलाच सांगा ना, रथाला खरं काय ते विचारायला."

आणि चारपाच माना हलल्या. त्या वेळी मला पाइप उचलला तेव्हापेक्षाही अधिक भीती वाटली.

"तेजल," मी म्हणाले, "तो आस काढ."

तिने पेचकसाने टोपी उचकटली आणि खिळा ओढून काढला. मी तो वर धरला. पितळेचा, बोटाएवढा, मधोमध किंचित वाकलेला. तो मी मनोजरावांच्या तळहातावर ठेवला. "याला काय विचारायचे ते विचारा. आणि उत्तर नाही मिळाले, तर माझ्याबरोबर टाकीपाशी चला."

टाकीचे झाकण दोघांनी उचलले. आत गटाराचे पाणी मिसळलेले होते; अधिक वर्णन मला करायचे नाही. पूजाने वाकून पाहिले, वास घेतला आणि ती तिथेच बसली. तिच्या पाठीवर पहिला हात ठेवला तो लंकाबाईने. तिच्या जागी मी असते तर एवढ्या लवकर ठेवला नसता.

महाराज गाडीकडे निघाले होते. समाधानने फाटक लावून घेतले आणि पोलिसांना दूरध्वनी केला. अशा प्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. लंकाबाईची फिर्याद मी स्वतः बसून लिहून घेतली. पाइप उचलणाऱ्याचे नावही तिने त्यात सांगितले आणि मीही ते गाळले नाही. टाकी धुतली, झाकण बदलले. बंटी नवव्या दिवशी घरी आला, डॉक्टरांच्या औषधाने आणि उकळलेल्या पाण्याने.

वाचकहो, आमच्यापैकी कुणी अडाणी नव्हते. आम्ही घाबरलेलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला कुणाकडे तरी बोट दाखवणारा हवा असतो. मीही घाबरले होते. भीती वाटणे हा अपराध नाही. पण पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर असा रथ, असे तांदूळ, असा दिवा मांडला, आणि तो कुणा एकीच्या पायाशी जाऊन थांबला, तर हात जोडण्यापूर्वी एवढेच करा. तेल दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या म्हणावे. आणि तिच्या जागी आपण जाऊन उभे राहावे.