खंडेनवमीला बंद केलेली कढई

ही गोष्ट २०१४ च्या खंडेनवमीची. माझे मालक, आमच्या शिवांजलीचे वडील सयाजीराव, कुपवाडच्या पत्र्याच्या कारखान्यात जस्ताच्या कढईवर फोरमन होते. गंज चढू नये म्हणून पत्र्याची अखंड पट्टी कढईतल्या वितळलेल्या जस्तातून जायची. पूर्वी कढईखाली तेलाचे बर्नर होते. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची म्हणून ते विझवत आणि पूजा झाली की पुन्हा पेटवत. तेवढ्यानं कढईचं काही बिघडत नसे.

त्या वर्षी इंडक्शन बसलं. कढईच्या पोटाखाली एक अरुंद नाळ होती आणि तिच्याभोवती पाण्यानं गार ठेवलेली विजेची कॉइल. नाळेतलं जस्त तापायचं आणि त्यावर सगळी कढई तापलेली राहायची.

पूजेला आम्ही बायका ताटं घेऊन गेलो होतो. इलेक्ट्रिशियन फारूक आमच्याच गल्लीतला.

"मामा, हिला बंद करू नका. नाळंतलं जस्त गोठलं तर अस्तर फुटंल."

"तू जन्मला नव्हतास तवापास्नं जस्त बघतोय मी, गड्या. चालू मशीनला कुंकू लावू व्हय?"

"लावा की! देव काय शॉक खातोय?"

सगळे हसले. मीही हसले. फारूक कॉइलच्या पाण्याचा पंप बघायला गेला आणि यांनी खटका ओढला.

आरती, नारळ, पेढे यांत दीड तास गेला. खटका पुन्हा लावला, पण कढई तापेना. फारूक धावत आला.

"किती वेळ बंद होतं, मामा?"

"पाच मिनिटं."

पाच मिनिटांत जस्त गोठत नाही, म्हणून तो निर्धास्तपणे कॉइल बघायला खाली वाकला. फुटलेल्या अस्तरातून वितळलेलं जस्त कॉइलच्या पाण्यात उतरलं आणि स्फोट झाला.

तिसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात तो वारला. मॅनेजरनं कागद आणला. खटका इलेक्ट्रिशियननं बंद केला, असं त्यात लिहिलं होतं. यांनी पेन खाली ठेवलं.

मीच म्हणाले, "करा सही. तो काय आता परत येणार हाय? शिवांजलीचं लग्न तोंडावर आलंय."

त्यांनी सही केली.

फारूकची बायको सलिमा लेकीला घेऊन खंडाळ्याला भावाकडे गेली. तिथं ती शिवणकाम करते. नवऱ्याच्या चुकीनं कारखाना बंद पडला, हे तिला अजून लोकांकडून ऐकावं लागतं. लेक मदिहा नर्स झाली. शिवांजली साताऱ्यात सुखात आहे, तिला यातलं काही माहीत नाही. हे पुन्हा कामावर गेले नाहीत. सहा वर्षं अंगणात बसून काढली आणि गेले. नवी कढई बसवून कारखाना पुन्हा सुरू झाला. सलिमा ईदला फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. मी बरं आहे म्हणते आणि फोन ठेवते.