बायनाचं एक वाक्य

पहिलंच सांगून ठेवते, मी लई खवट वाचक हाय. गेवराईच्या वाचनालयातून पिशवी भरून कादंबऱ्या आणते, अन् लेखकानं जरा लबाडी केली की पुस्तक तिथंच मिटते. बाई नुसती चांगली, नुसती सोसणारी, कधी चिडत न्हाई, कधी चोरून शेंगदाणे खात न्हाई, असली बाई दिसली की माझं डोकं फिरतं. अरे, माणूस हाय का हार घातलेला फोटू?

माझ्या धाकट्या भावाला, शहादेवला, हे चांगलं माहीत हाय. तरी त्यानं स्वतःची कादंबरी माझ्याच हातात दिली. त्याची बायको बायना गेल्या साली अचानक गेली. आमच्या चकलांब्यात वर्षश्राद्धाला लोक स्टीलचे डबे वाटतात. हा म्हणला, "मी पुस्तक वाटणार. आक्का, मला ती परत घरात फिरताना दिसली पायजे. तू वाच अन् सांग, दिसती का." श्राद्ध तोंडावर आलतं, बीडचा प्रेसवाला घाई करत व्हता. शहादेवची एकुलती लेक शिवकन्या माजलगावहून मदतीला आलती.

त्याच्याच ओसरीत बसून वाचाया लागले. तिचं चालणं बरं उतरलं व्हतं. पदर खोचायची रीत, रागानं भांडी आपटायची रीत, समदं खरं. मी मनात म्हणलं, गड्यानं बघितलंय बायकोला. मग कपिलधारच्या धबधब्यापाशी बायनानं तोंड उघडलं, अन् म्हणली, "तुमच्या सुखातच माझं सुख सामावलेलं आहे."

मला हसूच फुटलं. "शहादेव, ही कोण बया?"

"बायना हाय."

"बायना असं बोलायची?"

"तसं न्हाई, पण कादंबरीत जरा..."

"कादंबरीत जरा काय? माणूस बोलला की वळखू आला पायजे. नाव झाकलं तरी कळलं पायजे कोण बोलतंय. हिचं नाव झाकलं तर ही शाळेच्या गॅदरिंगमधली पतिव्रता वाटती. अन् दोनशे पानं हीच बडबड! मेल्या, हे समदं खोड. तिचं एक खरं वाक्य घाल. तुला म्हणलेलं, जसंच्या तसं. तेवढ्यानं ती उठून बसंल बघ."

शहादेव डोळे मिटून बसला. मला वाटलं, लई हायेत, निवडतोय. पण त्याचं तोंड उतरत चाललं.

"आक्का, याद येत न्हाई."

"काय याद येत न्हाई?"

"काहीच. आवाज याद हाय, हसणं याद हाय. पण मला म्हणलेलं..." तो थांबला. "ती मला कव्हा बोलली?"

तव्हा माझ्या ध्यानात आलं. आमची माय लई कडक व्हती. सुनेनं चारचौघांत नवऱ्याशी बोलणं म्हणजे तिच्या लेखी बेशरमपणा. म्हणून बायना समदं लेकीच्या मारफत बोलायची. "शिवे, तुझ्या बापाला इचार, दळण कव्हा नेणार?" बाप पुढ्यातच बसलेला असायचा. माय वारली, तरी ही सवय काही सुटली न्हाई. लेकीचं लग्न झाल्यावर तर कमालच झाली. बायना सैपाकघरातून माजलगावला फोन लावायची, अन् शिवकन्या ओसरीतल्या बापाला फोन करून सांगायची, "नाना, माय म्हणती जेवायला चला." आमी पोट धरून हसायचो. पाव्हणे आले की मी हा किस्सा हमखास सांगायची.

"अन् दोघंच असताना?" मी इचारलं.

"हूं अन् न्हाई. तेवढंच."

शिवकन्या खाली सुपात तांदूळ निवडत व्हती. शहादेव तिच्याकडं वळला. "शिवे, तिची समदी वाक्यं तुझ्यापाशी हायेत की! माझ्यासाठीचीच व्हती ना ती? एक दे मला."

"कशाला?" ती मान वर न करता म्हणली. "तुमी लिहिलंय की. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणली, पुढच्या जन्मी भेटू."

"ते मी मनानं घातलंय, बाळा."

अन् मी शहाणी मधीच बोलले, "तेच म्हणते मी. मरताना एवढं साजरं कोणी बोलत न्हाई. शेवट खरा पायजे."

शिवकन्यानं सूप बाजूला ठेवलं.

"खरा पायजे ना आत्या? मग ऐका. त्या दिशी मायचा फोन आलता. म्हणली, तुझ्या बापाला म्हणावं, छातीत कळ यायली, जरा आत या. मी नानांना लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. शेजारी लावला, ती माणसं रानात. परत मायला लावला, तर तिच्या फोनात मागून नानांचा आवाज येत व्हता. कारखान्याच्या इलेक्शनचं बोलत व्हते."

"मी हितंच व्हतो," शहादेव म्हणला. "ओसरीतच व्हतो मी."

"म्हणून तर मी वरडले, माय, मला कशाला सांगती? पलीकडंच हायेत, हाक मार की त्यांना! तर म्हणली..." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "म्हणली, मारते की. पण काय म्हणून हाक मारू गं?"



"मग?" शहादेवनं इचारलं.

"मग काही न्हाई. फोन चालूच व्हता. तुमी कशाला तरी हसले. वर्ष झालं, कोणाला सांगितलं न्हाई मी."

मला वाटलं आपली जीभ हासडून टाकावी. दोनशे पानं खोटी व्हती, पण त्यात ती त्याच्याशी बोलत तरी व्हती, त्याच्या मांडीवर तरी मरत व्हती. कोणाचं काय गेलतं? छापून घेतलं असतं, वाटलं असतं, लोकांनी वाचून डोळे पुसले असते. मला खरं पायजे व्हतं. आता मिळालं, अन् माझ्या भावाच्या तोंडाकडं मला बघवंना.

शहादेव उठला. भिंतीला धरत सैपाकघराच्या दारात गेला अन् चौकटीला धरून उभा राहिला. आत कोणी नव्हतं. गॅसवर दूध ठेवलेलं व्हतं. लई येळ तो तसाच आत बघत राहिला. मग हळूच म्हणला, "नुसतं ए म्हणली असतीस, तरी आलो असतो गं."