नाव टाकलेली मोटार

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनाला बसता तसं मन लावून ऐका. आज कथा माझीच आहे.

मी एक जुनी स्टीलची मोटार आहे. अंगावर रंगाचा थेंब नाही, नुसतं उघडं, बारीक रेघांचं स्टील. दारंही पंखांसारखी वर उघडतात. एका खाणीवरच्या साहेबांनी मला परदेशातून आणलं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली साहेबांची बदली झाली आणि मी मोहाडीला सेवकरामभाऊंच्या अंगणात आले. त्यांनी पहिल्यांदा दारं उघडली, तेव्हा घार आली समजून कोंबड्या पळाल्या!

मला खरं सांभाळलं ते त्यांच्या पत्नीच्या, गोदावरीबाईंच्या भावाने. परसराम त्याचं नाव. भंडाऱ्याला भांडी घडवायचा. मला पोचा आला की आतून लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचा आणि प्रत्येक ठोक्याला 'विठ्ठल' म्हणायचा. मोठ्या पोच्याला अख्खं भजन व्हायचं. एकदा गोदावरीबाई राख घेऊन मला घासायला बसल्या, तर तो ओरडला, "बाई, ताट आहे काय हे? साबणाच्या पाण्यानं पूस, अन् रेघेरेघेनं पूस!"

हरिनाम सप्त्याच्या कीर्तनकार बुवांना कारध्याहून मीच आणायची. एकदा दार वर धरून ठेवणारा दांडा निसटला, दार धाडकन खाली आलं आणि बुवांची पगडी चपटी झाली. त्या दिवशी बुवांनी अहंकारावर निरूपण केलं. दुसऱ्या दिवशी परसरामने नवा दांडा बसवला.

मग परसराम देवाघरी गेला. माझं अंग चमकतच राहिलं, पण खालचा लोखंडी सांगाडा गंजला. सेवकरामभाऊंनी मला नागपूरच्या एका शौकिनाला द्यायचं ठरवलं. त्या शौकिनाकडे जुन्या मोटारी काचेमागे उभ्या असतात. रस्ता नाही, कीर्तन नाही. गोदावरीबाई भावाने ठोकलेल्या दारावरून नुसत्या हात फिरवत राहिल्या.

नागपूरचे पाहुणे मला न्यायला यायच्या आदल्या दिवशी गोदावरीबाईंनी बाजारातून भांड्यांवर नाव टाकणाऱ्या धनीरामला घरी आणलं. टर्रर्र! मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

पाहुणे आले आणि दारापाशी थबकले. दारावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं : 'परसराम, भंडारा.'

सेवकरामभाऊ कडाडले, "काहून व, गाडीवर कोनी नाव टाकते काय?"

"भांड्यावर टाकतो का नाही? मागच्या सप्त्यात आपली परात बदलली. गाडी बदलली तं कोनाले विचारू?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"अवो, अख्ख्या जिल्ह्यात अशी एकच गाडी आहे!"

"म्हणून तं एकच नाव टाकलं."

पाहुण्यांनी विचारलं, "हे पुसता येईल?"

"स्टीलवरचं नाव जात नाही जी," गोदावरीबाई म्हणाल्या. "चहा घेता?"

पाहुण्यांना अंगावर ओरखडा नसलेली मोटार हवी होती. चहा घेऊन ते गेले.

सेवकरामभाऊ बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिले. "गाडी माझी, अन् नाव साल्याचं!" म्हणाले, आणि डोळे पुसत साबणाची बादली घेऊन आले.

"रेघेरेघेनं पुसा जी," गोदावरीबाई म्हणाल्या.

शहापूरच्या मिस्त्रीने माझा सांगाडा दुरुस्त केला. यंदा बुवांना पुन्हा मीच आणलं. त्यांनी दारावरचं नाव वाचलं, हात जोडले आणि पगडी आधीच काढून काखेत धरली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू पुसताना ती कोणी सांभाळली, कोणी दुरुस्त केली, ते जरूर विचारा. आणि कधी कशाला पोचा आला, तर माझ्या परसरामची आठवण ठेवा. ठोका हलका द्या, आणि आतून द्या.