दाढेपुरतं

"आता ही जागा बधिर करतो," डॉक्टर म्हणाले, आणि इतका वेळ आ करून बसलेल्या लंकाबाईने तोंड असं फटकन मिटलं की डॉक्टरांचं बोट थोडक्यात वाचलं.

"काय करता?"

"बधिर. एक सुई टोचायची, बस्स. मग काही कळायचं नाही."

लंकाबाई त्या उंच खुर्चीवरून खाली उतरली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि "येते" म्हणून थेट मेन रोडवर. बाहेर बाकावर बसलेली जहिदा चपला कशाबशा पायात सरकवत तिच्या मागे धावली.

"काढली दाढ?"

"नाही."

"या अल्ला! एवढी मोठी बाई आणि सुईला घाबरली?"

लंकाबाईने तिला तसं वाटू दिलं. जहिदा म्हणजे शेजारच्या इसाक कल्हईवाल्याची बायको. मन वळवून वळवून तिनेच इथवर आणलं होतं, आणि तेही सोपं नव्हतं. लंकाबाईच्या आईची दाढ कळवणच्या बाजारात न्हाव्याने चिमट्याने उपटली होती. गळा सुजला आणि आठवड्याच्या आत आई गेली. तेव्हापासून लंकाबाई घरात चिमट्याचं नाव काढू द्यायची नाही. लवंग झाली, कापूर झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, दृष्टसुद्धा काढून झाली, दाढ ढिम्म.

पण ती पळाली ती सुईला भिऊन नाही आणि चिमट्यालाही नाही. ती त्या एका शब्दाला भ्याली. कीर्तनात बुवा म्हणायचे, आंधळे, पांगळे, मुके, बधिर. बहिऱ्याला शिकलेली माणसं बधिर म्हणतात, एवढं तिला ठाऊक होतं. आणि बहिरेपण म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ते रोज तिच्या हातचं जेवत होतं.

तिचा नवरा धोंडीराम तांबट आळीतला नावाजलेला कारागीर. जन्मभर तांब्यावर हातोडी चालवली आणि हातोडीने हळूहळू त्याचे कान नेले. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली आळीतून मिरवणूक निघाली. बिगुल, घोषणा, सारी आळी उंबऱ्यात उभी; धोंडीराम मान खाली घालून ठोकत बसलेला. त्या दिवशी लंकाबाई समजली. तिने बोभाटा केला नाही. बहिऱ्या तांबटाला घागरी घडवायला कोण देणार? फार तर पोचे काढायला जुनी भांडी मिळाली असती. घागर तयार झाली की ती वाजवून बघावी लागते. सांधा नीट बसला असेल तर घागर खणखणीत वाजते, कुठे चीर राहिली तर बद्द वाजते. तो आवाज धोंडीरामला येईनासा झाला, म्हणून लंकाबाई कामाच्या ओसरीत धान्य निवडायचं सूप घेऊन बसू लागली. तो घागरीवर ठोका द्यायचा आणि भुवया उंचावून तिच्याकडे बघायचा. तिने हात वर केला की घागर पास. सूप आपटलं की पुन्हा भट्टीत. भांडीबाजारातल्या शेठला याचा पत्ता नव्हता. नवऱ्याचे कान गेले होते, पण घराचे कान शाबूत होते, आणि ते लंकाबाईच्या डोक्याला होते. तेच कुणी सुई टोचून बधिर करणार असेल, तर दाढ राहिलेली परवडली.

अलीकडे मात्र शेठकडून घागरी परत येऊ लागल्या होत्या. परवाच दोन महिन्यांपूर्वी दिलेली एक आली. धोंडीरामने तिचा सांधा पुन्हा झाळून दिला, लंकाबाईला शब्दाने बोलला नाही. ठणका सारखा कानात घुमतो, त्यात कसला आवाज कळणार, असं लंकाबाईने स्वतःला समजावलं. दाढ गेली की सगळं ठीक होईल. म्हणजे दाढ काढायलाच हवी होती, आणि सुई तर नकोच होती.

पुढच्या सोमवारी ती आपण होऊन गेली. जहिदा सोबतीला होतीच.

"सुई नको. तशीच काढा."

"अहो बाई, जीव जाईल तुमचा."

"जीव नाही जात. बधिर करू नका म्हणजे झालं. घरात एक आहे, तेवढा पुरे."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. त्यांनी पुष्कळ समजावलं, शेवटी वैतागून चिमटा उचलला. लंकाबाईने एका हाताने खुर्चीचा दांडा धरला, दुसऱ्याने जहिदाचा हात. आई आठवली. पांढरं छत दिसत होतं तेवढं दिसत राहिलं. कुठेतरी जबड्याच्या आत एखादं जुनं झाड मुळासकट उपटत असल्यासारखं झालं, आणि मग तोंड रक्ताने भरलं. रडत होती ती जहिदा.

कापसाचा बोळा दाबून ती उठली. हात धुता धुता डॉक्टर काही बोलले. तिने मान हलवली.

सरकारवाड्यापाशी आल्यावर जहिदा एकदम तिच्या पुढे येऊन उभी राहिली आणि ओरडली, "अगं, दाढेपुरतंच बधिर करतात! कानाला काही होत नाही! डॉक्टर सांगत होते ना मघाशी!"

लंकाबाईने बोळा जिभेने बाजूला सारला. "ओरडतेस कशाला?"

"कधीची सांगत्येय मी. तिसऱ्यांदा ओरडले."

पलीकडून एक टांगा गेला. घोड्याच्या गळ्यातली घुंगरं नुसतीच हलत होती. लंकाबाई ती लांब जाईपर्यंत बघत राहिली.

"असं होय," ती म्हणाली.

वाईट वाटायला हवं होतं. निदान स्वतःचा राग तरी. काहीच वाटलं नाही. सुई न टोचताच सगळं बधिर झालं होतं. जहिदाला आळीच्या तोंडाशी सोडून ती सावकाश घराकडे निघाली.

ओसरीच्या दारात तिचा पाय थांबला. धोंडीरामची तिच्याकडे अर्धवट पाठ होती. त्याने घागर उचलली, तिचा काठ दातांत धरला, डोळे मिटले आणि बुडावर हलकेच ठोका दिला. दातांतून हाडांत काय उतरलं असेल ते उतरलं. मान हलवून त्याने ती उजवीकडच्या रांगेत ठेवली. दुसरी उचलली, दातांत धरली, ठोका दिला, आणि भट्टीकडे सरकवली. हात सरावलेला होता. हे आज सुरू झालेलं नव्हतं. तिच्या हातून चुका होऊ लागल्या, तेव्हाच त्याने आपली वाट शोधली होती आणि तिला कळू दिली नव्हती.

ती दोन पावलं मागे झाली. मग अंगणातून पाय आपटत आली. जमिनीतून ते त्याला कळलं. त्याने वळून बघितलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "काढली?"

तिने मान डोलावली आणि सूप घेऊन आपल्या जागेवर बसली.

तिचा सुजलेला गाल तो जरा वेळ बघत राहिला. मग उजवीकडच्या रांगेतली, मघाचीच घागर त्याने पुन्हा उचलली, ठोका दिला आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

लंकाबाईने लक्ष देऊन ऐकलं, जितकं ऐकू आलं तितकं. मग हात वर केला.

धोंडीरामने घागर होती तिथे परत ठेवली.