लाल छत्रीचं नववं पान

माझी बायको रविता गेली त्याला चार महिने झाले होते. मी सौंदडजवळच्या एका राइस मिलमध्ये मशीन चालवतो. मिलला मंगळवारी सुटी असते. त्या मंगळवारी सकाळच्या गाडीने मी चंचलला घेऊन गोंदियाला गेलो. चंचल माझी मुलगी, सहा वर्षांची. चित्रांची पुस्तकं नीट दिसतील असं काहीतरी तिच्यासाठी घ्यायचं होतं.

पुस्तकं आधी घरात होती. रविता अंगणवाडी सेविका होती. एका प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिने स्वतःसाठी पाच पुस्तकं विकत आणली. पोरांनी अंगणवाडीत फाडू नयेत म्हणून ती घरीच, तिच्या पेटीत ठेवायची. आमच्या घरची रीत अशी आहे की बाई गेली की तेरवीला तिची पेटी माहेरच्या माणसांच्या हाती द्यायची. आजीची दिली होती, काकूची दिली होती. मीही रविताची दिली. उघडून पाहिली नाही. किल्ली वर ठेवली आणि माझा साळा उदाराम पेटी घेऊन बालाघाटला गेला.

पंधरा दिवसांनी चंचलने पुस्तकं मागितली तेव्हा ती पेटीबरोबर गेली हे मला कळलं. मी उदारामला फोन केला.

"साड्या बायकायनं वाटून घेतल्या, भाऊजी," तो म्हणाला. "पुस्तकं पोरायनं नेली. दोन दिवसांत फाडून टाकली. काऊन? कामाची होती का?"

"नाही," मी म्हणालो.

चंचल रडली नाही. तिला पुस्तकं पाठ होती. ती अंगणात बसून कोंबड्यांना गोष्टी सांगायची. मी ओसरीवर बसलेला असायचो, म्हणून माझ्या कानावर पडायचं. लाल छत्रीची गोष्ट ती सगळी सांगायची. पुस्तकात छत्री उडून समुद्रावर जाते. रविताने गोष्टीत छत्रीला नवेगावच्या तलावावर नेलं होतं. पुस्तक मराठीत होतं, आमच्या घरचं बोलणं पोवारी, म्हणून रविता पोवारीतच सांगायची आणि मनाने बदलायची. वाटेत छत्री सौंदड स्टेशनवर उतरायची आणि गाडी लेट आहे म्हणून पुढे जायची.

रविता रोज संध्याकाळी सांगायची. मी त्याच खोलीत असायचो. मोबाइल पाहत असायचो. त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही.

महिन्याभरानंतर चंचलने कोंबड्यांना तीच गोष्ट सांगितली तेव्हा स्टेशन गळालं होतं. मी विचारलं, "छत्री स्टेशनवर नाही गेली का?" तिने एका कोंबडीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "हो, गेली." पण पुढे स्टेशनवर काय झालं ते तिला सांगता आलं नाही. त्या दिवशी मला समजलं की हे सगळं एका सहा वर्षांच्या पोरीजवळ आहे आणि ते कमी होत आहे.

मिलमधल्या दुधरामने शोधून सांगितलं की ती पाचही पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. माझ्या मोबाइलवर चित्रं बोटाएवढी दिसत होती आणि मध्येच कोणाचा तरी फोन येत होता. चित्रं समोर असली तर तिला आठवेल, ती बोलेल, आणि ते तिच्या आवाजात रेकॉर्ड करून, भरून ठेवता येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मोबाइलचं दुकान गोरेलाल चौकाच्या पुढे, एका गल्लीत होतं. मालक चुन्नीलाल. साठीचा माणूस, चष्मा कपाळावर. मी सांगितलं की मुलीला चित्रांची पुस्तकं दाखवायची आहेत. त्याने दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक पातळ, कागदासारख्या पडद्याची. दुसरा टॅब.

"ये वाला लो," तो पातळ वस्तूवर बोट ठेवून म्हणाला. "सिर्फ पढ़ने का है. डोळे खराब होत नाहीत. एक बार चार्ज करो, महिनाभर विसरून जा. पोरगी कार्टून पाहणार नाही, गेम खेळणार नाही. माझ्या नातवाले टॅब दिला, आता तो जेवताना ताटाकडे पाहत नाही. चमचा कानात घालते."

चंचल हसली. चार महिन्यांत मी तिला फार वेळा हसताना पाहिलं नव्हतं. मला काही वाटलं नाही, फक्त लक्षात राहिलं.

निघताना माझ्या आईने, तुलसाबाईने, बजावलं होतं, "पोरीचे डोळे जाईन असं काही आणू नोको." म्हणून मीही त्या पातळ वस्तूकडेच वळलो. दुकानातल्या इंटरनेटवरून चुन्नीलालने लाल छत्रीचं पुस्तक त्यात उघडून दिलं. छत्री राखेच्या रंगाची होती. आभाळ तसंच. चित्रातल्या मुलीचा झगाही तसाच.

चंचलने पाहिलं. "ही नाही."

"अरे बेटा, वही तो है. नाव वाच ना. लाल छत्री."

"लाल नाही ना पण."

चुन्नीलालने माझ्याकडे पाहिलं. "वकीलीन आहे तुमची." मग त्याने टॅब पुढे ओढला, तेच पुस्तक लावलं. छत्री लाल होती. चंचल काउंटरला लागून टाचा उंचावून उभी राहिली. त्याने आणखी एक बटण दाबलं आणि एका बाईच्या आवाजात पुस्तक आपोआप वाचलं जाऊ लागलं. स्वच्छ मराठी, पुण्याकडची असावी. "एके दिवशी जोराचा वारा सुटला."

"देखो, आता तुम्हाले वाचायची बी गरज नाही," चुन्नीलाल म्हणाला. "लावून द्या, आपलं काम करा."

चंचल तीन पानं ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही बाई चुकीचं सांगून राहिली."

"जो लिखा है वही पढ़ रही है, बेटा."

"आई असं नाही सांगत."

"तो फिर मम्मी को ले के आना था. मी त्यायलेच समजावून सांगतो."

"ती वारली," मी म्हणालो. "चार महिने झाले."

चुन्नीलालने आवाज बंद केला. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. आत पाहून म्हणाला, "पाणी आण रे." कोणी आणलं नाही. तो स्वतःच उठून घेऊन आला, आधी चंचलला दिलं.

मी विचारलं, "यात आवाज भरता येतो का? पुस्तक समोर असताना?"

"कोणाचा आवाज?"

"हिचा."

त्याने आणखी काही विचारलं नाही. टॅबमध्ये पुस्तक वर ठेवून मागे आवाज कसा भरत राहायचा ते त्याने मला दाखवलं. मग माझ्याकडून तीनदा करून घेतलं. त्या पातळ वस्तूत माइकच नव्हता. पाचही पुस्तकं त्याने टॅबमध्ये उतरवून दिली. मी टॅब घेतला.

दुपारच्या गाडीने आम्ही परत आलो. जेवून ओसरीवर बसलो. आई बाजूला सुपात तांदूळ पाखडत होती. मी टॅब पाटावर उभा केला, भरणं सुरू केलं आणि चंचलला म्हणालो, "कोंबड्यांना सांगते तसं सांग."

तिने सांगितलं. पहिलं पान, दुसरं पान. चित्र पाहून तिला आठवत होतं. चौथ्या पानावर पूल होता, तो पाहताच ती म्हणाली, "मंग छत्री सौंदडला उतरी," आणि स्टेशनमास्तर छत्रीकडे तिकीट मागतो ते सगळं आलं. आईचं सूप थांबलं. मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकत होतो.

नवव्या पानावर छत्री झाडाला अडकते. खाली एक म्हातारा वर पाहत उभा आहे. चंचल थांबली. तिने टॅब जवळ घेतला, लांब धरला.

"बाबा, इथं आई काय म्हणत होती?"

ती मला विचारत होती, कारण मी रोज तिथे असायचो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"थोडंसं पण नाही?"

"नाही. मी ऐकत नव्हतो."

भरणं सुरू होतं. माझी आई म्हणाली, "अरे, सांग ना काही तरी. म्हातारा काठीनं काढते म्हणा. पोरीले काय समजते?"

"तसं नव्हतं, आजी," चंचल म्हणाली. "म्हातारा काही तरी बोलत होता. आई हसत होती ते बोलताना."

मला म्हाताऱ्याच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. मी घातलं नाही. शेवटी चंचलने स्वतःच पान उलटलं आणि छत्री तलावावर पोचली.

भरलेलं मी ऐकून पाहिलं. नवव्या पानाच्या जागी आमचंच बोलणं होतं. मी ऐकत नव्हतो, हे माझं वाक्य त्यात स्पष्ट आलं आहे.

"हे काढून टाकशील का?" चंचलने विचारलं.

"नाही. राहू दे."

"आठवलं तर सांगीन मी."

"सांग. रात्री असो, शाळेत असो. मास्तरीणबाईंना फोन करायला लाव."

"तुमी मिलमध्ये असाल."

"मशीन बंद करीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. मग तिने दुसरं पुस्तक उघडलं, बकरीचं, आणि बोट पहिल्या चित्रावर ठेवून मी भरणं सुरू करण्याची वाट पाहत बसली.