तीन वेळा पुकारा

चाकूरच्या धम्मप्रियाला नवव्या वर्षी ताप आला आणि जाताना तो दोन्ही कान घेऊन गेला. तिला बोलता येतं, समोरच्याचे ओठही वाचता येतात. पण नांदेडच्या ज्या कार्यालयात ती लिपिक म्हणून लागली, तिथले साहेब तोंडात सुपारी धरून बोलायचे, तेही फायलीत डोकं घालून. त्या ओठांवरून कुणाच्या बापालाही काही कळलं नसतं.

साहेब केबिनमधून हाका मारायचे, ही बाहेर आवकची पत्रं नोंदवत बसलेली. झालं, ज्ञापन निघालं: 'वरिष्ठांच्या हाकेस हेतुपुरस्सर प्रतिसाद देत नाही.' सुधारणा न झाल्यास टेबल काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवू, असंही त्यात होतं. रेकॉर्ड रूम तळघरात होती आणि तिथं झुरळांशिवाय कुणी फिरकत नसे. अर्धापूरहून, लोह्याहून अर्ज घेऊन येणारी माणसं, त्यांच्याशी चार शब्द, हेच तर धम्मप्रियाला नोकरीत आवडायचं. तळघराच्या नुसत्या विचारानं तिला रडू आलं.

तिनं अर्ज केला. काम चिठ्ठीवर लिहून द्यावं, एवढीच मागणी. त्या चिठ्ठीसाठी कार्यालयानं पाच जणांची समिती नेमली. समितीनं आधी 'सर्वांना सामावून घेणारे कार्यालय' असा फलक रंगवला, धम्मप्रियाच्या हातात गुच्छ देऊन तिला मधोमध उभं केलं आणि फोटो पेपरात छापून आणला. मग तिला पत्र पाठवलं: 'आपल्या अर्जावर सुनावणी ठेवली आहे.' बहिऱ्या बाईची सुनावणी. तिला खुदकन हसू आलं.

त्या दिवशी दहालाच ती समितीच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसली. शिवशंकर शिपायाला तिनं बजावलं, "माझी पाळी आली की हात करा."

"हाव म्याडम, काळजीच करू नका."

अकराच्या सुमारास शिवशंकर बाहेर आला. मागे हात बांधून, छाती काढून, तिच्या डोक्यावरून थेट जिन्याकडे बघत त्यानं तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या. खालच्या कुणाला तरी बोलावतोय, असं वाटून धम्मप्रियानं पाय आवरून त्याला वाट करून दिली. तो आत गेला. दोन वाजता समिती जेवायला निघाली. अध्यक्षांनी जाता जाता तिला हसून नमस्कारही केला.

तिनं शिवशंकरला गाठलं.

"तीनदा वरडलो की, म्याडम. पार खाली पानठेल्यावरचे लोक वर बघून राहिले होते. तुमी उठलाच न्हाई."

"हात करा म्हणाले होते ना मी?"

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "पुकारा हातानं कसा करावा, म्याडम? तसं चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आदेश आला: 'तीन वेळा पुकारा करूनही अर्जदार उपस्थित झाल्या नाहीत. सबब त्यांना विषयात स्वारस्य दिसत नाही. अर्ज निकाली. उद्यापासून त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये बसावे.'

धम्मप्रियाचा संताप डोक्यात गेला. शिवशंकरनं पोच वही पुढं केली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिनं ते बोट बाजूला केलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'ज्ञापन लेखी मिळाले. सुनावणीचे पत्र लेखी मिळाले. हा आदेशही लेखी मिळाला. सर्व नीट समजले. या कार्यालयास लिहिता येते, याची खात्री पटली.'