तारानदीच्या मध्यावर

“पाहुणा जेवून जाणार आहे, की नुसता चहा ढोसत बसणार आहे, हे कुणी सांगेल का मला?” कागदी भिंतीपलीकडून आई पुटपुटली. पुटपुटली म्हणजे, अख्ख्या घराला ऐकू जाईल इतक्या हळू.

बाहेर हेमंताची दुपार. राखी, रोडावलेली, रक्तहीन. वळचणीला टांगलेले मुळे वाऱ्यात हलत होते, हिवाळ्याच्या हाडांसारखे. आणि जपानच्या त्या उत्तरेकडच्या बंदरगावावर उजेड उतरत होता तोही उसना, उशिरा आलेला, उभ्या उभ्या परत निघालेला.

आत माकिए बसली होती, गुडघे दुमडून, मान लववून. एका कादंबरीची लेखिका. एकाच. त्या कादंबरीत तिने नक्षत्रांची नदी वाहवली होती, नीलजला, निःशब्दा, निस्तीरा. आणि ऐन मध्यावर, वल्हं हरवलेल्या नावेत नायिकेला उभं करून ‘पुढील भागात’ म्हणून मोकळी झाली होती. तरुणपणी माणूस असा उधळा असतो. आता पुढचा भाग निघाला नाही, तर ती पोर तिथेच. कल्पान्तापर्यंत तिथेच.

समोर संपादक कुरोसेसान. तोक्योहून आलेले, स्वतः आलेले, रेशमी रुमालात बांधलेला मिठाईचा डबा घेऊन आलेले. डबा चांगला जड होता. त्या मुलखात मिठाई जितकी जड, तितकी क्षमायाचना खोल.

“जरा अवघड आहे,” कुरोसेसान चहाच्या पेल्याला म्हणाले.

पत्रांतूनही ते हेच म्हणत आले होते. सभ्य माणसाच्या ‘जरा अवघड’चा अर्थ तिकडे शेंबड्या पोरालाही कळतो. परग्रहांवरच्या प्रजांना भाषा देणाऱ्या माकिएला तेवढा कळून घ्यायचा नव्हता. दर पत्रानंतर ती पुढच्या भागाचं हस्तलिखित आणखी सोपं करायची. तिने वादळ काढलं. तारे विझवले. नदी उथळ केली, अजून उथळ केली.

“मग नदीच काढून टाकते ना,” ती हसून म्हणाली. फार हसून. “नदीवाचून चालेल?”

कुरोसेसान अधिकच लवले. कपाळ चटईला टेकलं, आणि तिथेच राहिलं.

दार सरकलं. आई आली, लेकीशेजारी बसली, तिच्या गारठलेल्या बोटांवर आपला, मुळे खारवताना मिठाने ओला झालेला हात ठेवला.

“पुरे, माकिए. ते नाही म्हणतायत, बाळा. पहिल्या पत्रापासून नाहीच म्हणतायत. तुझं पुस्तक निघणार नाही.”

बाहेर समुद्रावर हिम पडू लागलं. पडत राहिलं. पाण्यावर पांढरं, क्षणभर पांढरं, आणि मग पाणी.